कॅडमधली रेषा आणि हिंगणघाटला थांबलेले विल्यम लॅम्बटन

आज आपण कॅडमध्ये रेषा कशी काढायची आणि कशी दुरुस्त करायची ते बघणार आहोत. पण या वेळी नुसती कमांडची यादी देत नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरच काय, विजेचा दिवासुद्धा नव्हता तेव्हा या माणसाने भारतावर एक रेषा काढली, आणि ती काढता काढता आपल्या वर्धा जिल्ह्यात त्याचा शेवट झाला. नाव विल्यम लॅम्बटन.

मी सेलूचा. परभणीचं सेलू नाही बरं का, वर्धा जिल्ह्यातलं, बोर धरणाच्या तालुक्याचं सेलू. इथून वर्धेमार्गे हिंगणघाट म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता. त्या रस्त्याने कितीदा गेलो, पण लॅम्बटन तिथे पुरलेले आहेत हे मला माहीत नव्हतं. ते कळलं माझ्या एका चुकीमुळे. आधी ती चूक सांगतो.

माझी चूक

आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होतो तेव्हाची गोष्ट. बाबा आणि मोठेबाबा यांच्यात वावराची वाटणी ठरली. सरकारी मोजणीआधी एक कच्चा नकाशा असावा असं दोघांनाही वाटत होतं, आणि घरात कॅड येणारा मी एकटाच. टेप घेऊन चारही धुऱ्यांची लांबी मोजली : १२० मीटर, ९५, १२८ आणि ९०. घरी आलो, लॅपटॉप उघडला, एफ ८ दाबून ऑर्थो चालू केलं आणि पहिला कोपरा झक्कास काटकोनात काढला. बाकीच्या दोन बाजू कशाबशा जुळवल्या. क्षेत्र आलं जवळपास १ हेक्टर १४ आर. मधून रेषा मारली, तर विहीर आमच्या हिश्शात.

बाबा काही बोलले नाहीत, पण खुश होते. मोठेबाबाही काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं आमच्याकडे चहाला येणं बंद झालं. कोरडवाहू भागात विहीर कोणाकडे जाते यावर पुढची वीस वर्षं ठरतात, हे सांगायला नको.

मला खटकली ती एक गोष्ट : सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर ९ आर होतं. पाच आर जास्तीचे आले कुठून? याचं उत्तर शोधताना मी लॅम्बटन यांच्यापर्यंत पोचलो.

यॉर्कशायरचा शेतकरी पोरगा

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्याला, इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, नॉर्थअलर्टन गावाजवळ झाला. घर साधं, शेतीवालं. गणितात डोकं चालायचं म्हणून शिकता आलं, आणि पुढे सैन्यात जागा मिळाली. १७८१ मध्ये ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेले आणि यॉर्कटाउनला इंग्रजांनी शरणागती पत्करली तेव्हा कैद झाले. सुटल्यावर कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींचा हिशेब ठेवण्याची नोकरी आणि जमिनीची मोजणी, यात त्यांची तेरा वर्षं गेली. तिथेच सूर्यग्रहण बघताना एका डोळ्याला कायमची इजा झाली. म्हणजे पुढे आयुष्यभर दुर्बिणीतून बारीक कोन वाचणाऱ्या या माणसाचा एकच डोळा नीट काम करत होता.

१७९० च्या दशकाच्या शेवटी ते आपल्या ३३ व्या पलटणीबरोबर भारतात आले. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तोच. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणला वेढा पडला. एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात चालत होती. लॅम्बटन यांनी आकाशातले तारे बघितले आणि ओळखलं की आपण दक्षिणेऐवजी उत्तरेला, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चाललोय. त्यांनी वेळेत सांगितलं आणि तुकडी मागे फिरली. कॅडच्या भाषेत सांगायचं तर रेषेची लांबी बरोबर होती, पण कोन चुकला होता.

रेषा म्हणजे काय? लांबी आणि दिशा

इथे एक मिनिट थांबू आणि कॅड उघडू. ऑटोकॅड असो की फुकट मिळणारं लिब्रेकॅड, मूळ कल्पना एकच. ऑटोकॅडमध्ये एल टाइप करून एंटर मारलं की लाइन कमांड सुरू होते. ती दोनच गोष्टी विचारते : कुठून आणि कुठे. हे कुठे सांगायचे तीन प्रकार आहेत.

पहिला, पूर्ण पत्ता द्यायचा : ०,० किंवा ५०,३०.
दुसरा, आत्ता आहे तिथून किती उजवीकडे आणि किती वर : @५०,३०.
तिसरा, आत्ता आहे तिथून किती लांब आणि कोणत्या कोनात : @१००<६०.

(सॉफ्टवेअरमध्ये आकडे इंग्रजीतच टाका, इथे वाचायला मराठीत लिहिले आहेत.) कोन उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून, घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजला जातो. मोजणीवाले मात्र उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजतात. नवीन पोरं इथे हमखास गोंधळतात, म्हणून लक्षात ठेवा.

साडेसात मैलांची पहिली रेषा

टिपू पडल्यावर कंपनीकडे म्हैसूरचा मोठा मुलूख आला. लॅम्बटन यांनी प्रस्ताव मांडला की मद्रासपासून मलबार किनाऱ्यापर्यंत आडवी मोजणी करू आणि त्याच कामातून पृथ्वीचा नेमका आकारही शोधू. वेलस्लींचा पाठिंबा मिळाला आणि काम मंजूर झालं. हे काही धर्मादाय काम नव्हतं. कंपनीला महसूल गोळा करायला आणि फौजा हलवायला नकाशे हवे होते. लॅम्बटन यांचा जीव मात्र त्या दुसऱ्या प्रश्नात अडकला होता.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी सुमारे ४०,००६ फूट, म्हणजे साधारण साडेसात मैल. मोजायला होती १०० फुटांची पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांच्या ४० दांड्यांची. ही साखळी खरं तर चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. त्याने ती घेतली नाही आणि ती फिरत फिरत भारतात आली.

साडेसात मैल म्हणजे ती साखळी चारशे वेळा मांडायची. जमिनीवर नाही, तर तिवयांवर ठेवलेल्या लाकडी खोक्यांत, आणि शेजारी थर्मामीटर. थर्मामीटर कशाला? गणित करून बघा. पोलाद तापलं की लांबतं. दहा अंश सेल्सियसने तापमान वाढलं तर १०० फुटांची साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. एवढंसं! पण चारशे वेळा तीच चूक झाली तर १४०० मिलिमीटर, म्हणजे साडेचार फूट. मद्रासचा एप्रिल-मे कसा असतो हे आपल्या विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

मी माझा टेप भर दुपारी, मध्ये झोळ पडलेला असताना ओढला होता. साडेचार फुटांची ही गोष्ट वाचली तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

एकदा मोजा, पुढे फक्त कोन वाचा

आता खरी गंमत. संपूर्ण देश साखळीने मोजणं शक्यच नाही. नदी आली, जंगल आलं, डोंगर आला की साखळी थांबते. मग त्रिकोण कामाला येतो. एक बाजू नीट मोजलेली असेल आणि तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूकडे बघून कोन वाचले, तर बाकीच्या दोन बाजू न मोजताच कळतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्याच्या पुढचा. यालाच त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणतात.

हे तुम्ही कॅडमध्ये पाच मिनिटांत करून बघू शकता :

१. एल कमांडने ०,० पासून @१००<० अशी रेषा काढा. ही तुमची पायारेषा.
२. डाव्या टोकापासून @१५०<६० अशी लांब रेषा काढा.
३. उजव्या टोकापासून @१५०<१३० अशी रेषा काढा. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतील.
४. टीआर, म्हणजे ट्रिम, वापरून छेदाच्या पुढची शेपटं कापून टाका.
५. डीआय, म्हणजे डिस्टन्स, वापरून बाजू मोजा. डावी ८१.५२ येईल, उजवी ९२.१६.

आता तिसऱ्या पायरीत १३० ऐवजी १३१ टाका. एका अंशाचाच फरक, पण डावी बाजू ८१.५२ वरून ७९.८२ वर येते. १०० मीटरवर १.७० मीटरची चूक! हेच त्रिकोण मैलामैलांचे असतील आणि एकावर एक रचले असतील, तर चूक कुठवर जाईल बघा.

म्हणूनच लॅम्बटन यांना कोन वाचायला जबरदस्त यंत्र हवं होतं. लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवलेला त्यांचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा होता. तो घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. पण शास्त्राचं साहित्य आहे हे लक्षात आल्यावर फ्रेंचांनी ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिलं.

आणि चुका पकडायचा त्यांचा उपाय काय होता? ठरावीक अंतरावर पुन्हा नवीन पायारेषा साखळीने मोजायची आणि त्रिकोणांच्या हिशेबातून आलेल्या लांबीशी ताडून बघायची. मद्रासपासून त्रिकोण नेत नेत बंगळूरजवळ पोचल्यावर १८०४ मध्ये अशी रेषा मोजली, तेव्हा फरक निघाला फक्त काही इंचांचा. पुढे त्रिकोण पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेले आणि कळलं की दक्षिण भारत जुन्या नकाशांत दाखवला होता त्यापेक्षा सुमारे ४० मैल अरुंद आहे. ४० मैल जमीन कोणी चोरली नव्हती. ती कधी नव्हतीच, फक्त कागदावर होती. माझ्या पाच आरांसारखी!

तंजावरचा दोर तुटला

आडवी रेषा झाल्यावर लॅम्बटन उभ्या रेषेकडे वळले. कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेकडे, ७८ रेखांशाच्या आसपास, त्रिकोणांची साखळी. यालाच पुढे ग्रेट आर्क म्हणू लागले.

१८०८ मध्ये ते तंजावरला होते. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले भोसले, दुसरे सरफोजी राजे. सत्ता मात्र बरीचशी कंपनीकडे गेलेली. आसपास डोंगर नाही, म्हणून थिओडोलाइट थेट मोठ्या देवळाच्या उंच शिखरावर चढवायचं ठरलं. वर ओढताना दोर तुटला आणि ते अर्ध्या टनाचं यंत्र भिंतीवर आदळलं. कोन वाचायची मोठी पितळी चकती वाकडी झाली.

दुसऱ्या कोणी इंग्लंडहून नवीन यंत्र मागवलं असतं आणि दोन-तीन वर्षं बसून राहिला असता. लॅम्बटन यांनी यंत्राचे सगळे भाग सुटे केले आणि सुमारे सहा आठवडे एकेक भाग ठोकून-ओढून पुन्हा आकारात आणला. पुढची कित्येक वर्षं त्याच यंत्रावर काम चाललं. आपल्याकडे कंट्रोल झेड आहे. त्यांच्याकडे हातोडी आणि धीर होता.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी : दुरुस्त केलेलं यंत्र पहिल्यासारखं राहत नाही. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नवीन यंत्रं आणून या रेषेचा काही भाग पुन्हा मोजला.

हिंगणघाट

नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांचा मुलूख कंपनीच्या दबावाखाली आला. १ जानेवारी १८१८ पासून लॅम्बटन यांच्या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि ते थेट गव्हर्नर जनरलच्या हाताखाली गेलं. त्याच वर्षी एव्हरेस्ट त्यांचे मदतनीस म्हणून आले. मुक्काम हैदराबादला. गोदावरीकडच्या जंगलांत मोजणीच्या माणसांना तापाने घेरलं. काही परत आलेच नाहीत. झेंडे धरणारे, साखळी ओढणारे, टेकडीवरची झाडं तोडणारे हे बहुतेक आपल्याच देशातले लोक. त्यांची नावं पुस्तकांत फारशी सापडत नाहीत.

सत्तरीला टेकलेले, खोकल्याने खंगलेले लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाले. मुक्काम नागपूरला हलवायचा आणि रेषा आणखी उत्तरेकडे न्यायची, असा विचार होता. नागपूर आलं नाही. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला आणि तिथेच त्यांना पुरलं. दीड लाख चौरस मैलांहून जास्त मुलूख त्यांनी त्रिकोणांत बांधला होता, आणि रेषा अर्धीच होती.

ती पुढे एव्हरेस्ट यांनी १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनजवळ नेऊन पूर्ण केली. लांबी सुमारे २४०० किलोमीटर. याच जाळ्याच्या आधारावर हिमालयाच्या शिखरांची उंची काढता आली. राधानाथ सिकदर यांच्या गणितातून एक शिखर सगळ्यांत उंच निघालं आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. त्या शिखराला नाव एव्हरेस्ट यांचं मिळालं. लॅम्बटन यांच्या वाट्याला आली हिंगणघाटची एक कबर.

माझा नकाशा पुन्हा

आता माझ्या वावराकडे येऊ. लॅम्बटन यांनी चौकोन का नाही काढले, त्रिकोणच का काढले? कारण त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी आकार ठरत नाही. खाटेची चौकट ढिली झाली की ती तिरपी होते ना, तसंच. प्रत्येक बाजू १०० मीटर असलेला काटकोनी चौकोन १०,००० चौरस मीटरचा. तोच कलून कोपरा ६० अंशांचा झाला की क्षेत्र ८,६६०. बाजू त्याच, टेपही तोच, आणि १,३४० चौरस मीटर गायब.

मी चार बाजू मोजल्या होत्या आणि कोपरा ऑर्थोने काटकोनात बसवला होता. तो कोपरा काटकोन आहे हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. एफ ८ ने.

म्हणून पुन्हा वावरात गेलो, या वेळी सकाळी लवकर, आणि मोठेबाबांनाच टेपचं दुसरं टोक धरायला बोलावलं. तिरपा कर्ण मोजला. माझ्या नकाशात तो १५० मीटर होता, जमिनीवर निघाला १३०. वीस मीटरची चूक!

मग नकाशा असा काढला. तुमच्याही कामाला येईल :

१. १२० मीटरची बाजू : ०,० पासून @१२०<०.
२. डाव्या टोकावर ९० त्रिज्येचं आणि उजव्या टोकावर १३० त्रिज्येचं वर्तुळ. दोन्ही वरच्या बाजूला जिथे छेदतात तो वावराचा तिसरा कोपरा.
३. त्या कोपऱ्यावर १२८ चं आणि पायारेषेच्या उजव्या टोकावर ९५ चं वर्तुळ. बाहेरच्या बाजूचा छेद म्हणजे चौथा कोपरा.
४. एफ ३ दाबून ओस्नॅप चालू ठेवा, म्हणजे रेषेचं टोक बरोबर टोकालाच चिकटतं. डोळ्यांनी जुळलेलं टोक झूम केल्यावर सुटलेलं दिसतं.
५. पीएल, म्हणजे पॉलिलाइन, घेऊन चारही कोपरे जोडा आणि शेवटी सी देऊन बंद करा. सुट्या रेषा असतील तर जे, म्हणजे जॉइन. कोपरा थोडा उघडा राहिला असेल तर फिलेट शून्य त्रिज्येने. रेषा कमी पडली तर ईएक्स, म्हणजे एक्स्टेंड. धुऱ्याला समांतर पाइपलाइन दाखवायची तर ओ, म्हणजे ऑफसेट.
६. वर्तुळं पुसा, रेषेवर क्लिक करून लिस्ट कमांड द्या. क्षेत्र समोर.

क्षेत्र आलं १ हेक्टर ९ आर. सातबाऱ्याशी जुळलं. आणि मधली रेषा सरकून विहीर गेली मोठेबाबांच्या बाजूला.

हे बाबांना सांगणं जड गेलं. रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही नकाशे त्यांच्यापुढे ठेवले आणि माझी चूक कुठे झाली ते दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. सकाळी स्वतःच उठून मोठेबाबांकडे गेले, नकाशा घेऊन. विहीर शेवटी सामाईक ठेवली. पाळी ठरली, तीन दिवस त्यांचे, तीन दिवस आमचे. नंतर रीतसर सरकारी मोजणी करून घेतली, कारण कॅडचा नकाशा कितीही सुंदर असला तरी कायद्याने चालतो तो भूमी अभिलेखचाच. मोबाइलच्या जीपीएसवर तर असं काम मुळीच करू नका. त्यात काही मीटरचा फरक सहज पडतो, आणि धुऱ्यावर अर्ध्या मीटरवरूनही भांडण होतं.

त्यानंतर एकदा हिंगणघाटला थांबलो. कापसाच्या गाड्यांच्या त्या गावात, नागपूर-हैदराबादच्या जुन्या वाटेवर, एका डोळ्याचा एक म्हातारा शेवटपर्यंत आपली रेषा तपासत आला होता, हे आठवलं. आपण एक क्लिक करतो आणि रेषा तयार होते. ती खरी आहे की नाही हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते बघायला कर्ण मोजावा लागतो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी चार बाजूंचं काहीही काढाल, खोली असो, प्लॉट असो की वावर, पाचवं माप विसरू नका. वर दिलेला १००-६०-१३० चा त्रिकोण आजच काढून बघा. ८१.५२ आलं, की समजा जमलं!